खरी बातमी, पण आपल्या गावची नव्हे

सुगीचे दिवस होते, भातकापणी उरकून मळणीची गडबड चाललेली, त्यामुळं सकाळच्या वेळी दुकानात सहसा कोण येत नाही. माझं बेळगावजवळ उचगाव भागात छोटं ऑनलाईन सेंटर आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, स्कॉलरशिपचे फॉर्म, रेशन कार्डात नाव घालणं-काढणं असली कामं. शटर वर केलं तर दारात एक मावशी उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशन कार्ड, पासबुक, दोन फोटो, सगळं रबर लावून नीट ठेवलेलं, आणि दुसऱ्या हातात नातवाचा मोबाईल. मोबाईल पुढं धरून म्हणाल्या, "हे बघ गं पोरी, दोन दिवसच ऱ्हायल्यात म्हणे, लगेच भरून दे, तिकडं मळणीला माणसं थांबल्यात."

बातमी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची होती. मी पहिली तारीख बघितली, ताजी. वेबसाईट बघितली, मोठ्या मराठी पेपरची. रक्कम बघितली, महिन्याला १५०० रुपये, बरोबर. वयाची अट २१ ते ६५, ती बरोबर. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, ते पण बरोबर. एक शब्द खोटा नव्हता त्या बातमीत. आणि तरी मावशींना त्या बातमीचा काडीचा उपयोग नव्हता, कारण ती योजना महाराष्ट्र सरकारची आहे, त्याला महाराष्ट्राचं रहिवासी असावं लागतं आणि मावशींचं रेशन कार्ड कर्नाटकाचं.

मी सांगितलं, "मावशी, हे तिकडचं आहे, आपल्याला नाही मिळत." त्या थोडा वेळ गप्पच राहिल्या, मग म्हणाल्या, "आम्ही पण मराठीच की गं."

याला काय उत्तर द्यायचं सांगा. मी दिलं नाही. खुर्ची पुढं ओढली, बसा म्हटलं.

त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात होतं. बातमी खरी का खोटी ते कसं ओळखायचं यावर आता बरंच बोललं जातं, शाळेत सांगतात, पोलीस येऊन सांगतात, मोबाईलवर व्हिडिओ येतात, आणि ते पाहिजेच. पण आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला त्याच्यापुढं अजून एक प्रश्न रोज पडतो आणि तो कोणच सांगत नाही, की ही बातमी खरी असली तरी ती माझी आहे का? आम्ही बातम्या एका राज्याच्या वाचतो आणि राहतो दुसऱ्या राज्यात. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहातल्या निम्म्या चुका खोट्या बातमीनं झालेल्या नसतात, खऱ्या पण दुसऱ्याच्या बातमीनं झालेल्या असतात.

मोबाईलला काय कळतंय कर्नाटकातली बाची कुठं संपली आणि महाराष्ट्रातली शिनोळी कुठं सुरू झाली. आपण मराठी वाचतो एवढंच त्याला कळतं, मग तो मराठी बातम्या दाखवतो, आणि मराठी बातम्या म्हटलं की मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर. त्यात त्या बातम्या लिहिणारे पण पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी लिहितात, त्यांचं काही चुकत नाही, ते मथळ्यात लिहितात "राज्यातील महिलांसाठी मोठी बातमी", "राज्यातील शाळांना सुट्टी", "राज्य सरकारचा शेतकऱ्यांना दिलासा". राज्य म्हणजे कुठलं राज्य ते लिहायची त्यांना गरजच नाही. आम्हाला मात्र पहिली गरज तीच. म्हणून मी आता कुठलीही बातमी हातात आली की खरंखोटं नंतर, आधी राज्य शोधते.

आणि ते शोधायला फार वेळ लागत नाही, शब्दांवरनंच कळतं. बातमीत सातबारा, ग्रामसेवक, महावितरण, जिल्हा परिषद असले शब्द आले की डोळे झाकून समजायचं, तिकडची. आरटीसी उतारा (इकडचा सातबारा), पीडीओ (ग्रामपंचायतीचा अधिकारी), हेस्कॉम (वीज कंपनी), जिल्हा पंचायत, एसएसएलसी (दहावी), पीयूसी (अकरावी-बारावी), सेवा सिंधू (सरकारी सेवांचं पोर्टल) असं आलं तर आपली. दहावी-बारावी बोर्डाचं वेळापत्रक म्हणून मराठीत जे येतं ते बहुतेक वेळा महाराष्ट्र बोर्डाचं असतं, आमच्या मराठी शाळेतली पोरं एसएसएलसीला बसतात, त्यांचं बोर्ड बंगळूरला. तरी दरवर्षी निकालाच्या दिवसांत कोल्हापूरच्या कुठल्या तरी आत्याचा फोन येतोच, "अगं निकाल लागला म्हणे, किती पडले?" आणि घरात पोरगी रडायला लागते कारण तिचा नंबर कुठल्या साईटवर लागतच नाही. लागणार कसा, निकालच दुसऱ्या बोर्डाचा.

मावशींचं पुढं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

बसल्या, पाणी प्यायल्या, मग मी सहज विचारलं, "गृहलक्ष्मीचे येतात न्हवं दोन हजार?" तर म्हणाल्या, "ते बंद केलं की सरकारनं." मी म्हटलं, कुणी सांगितलं? तर नातवानं बातमी वाचून दाखवली होती म्हणे, लाखो महिला अपात्र ठरल्या, त्यांचे पैसे बंद. मावशींच्या खात्यात काही महिने पैसे आले नव्हते, त्यांना वाटलं आपण पण त्या अपात्रांतल्या, आणि त्या घरी गप्प बसल्या. आता ती अपात्र महिलांची बातमी कुठली? ती पण लाडकी बहीणचीच, महाराष्ट्राची. गृहलक्ष्मी ही कर्नाटकाची योजना, ऑगस्ट २०२३ ला सुरू झालेली, रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिला महिन्याला २००० रुपये, तिनं किंवा नवऱ्यानं इन्कम टॅक्स, जीएसटी भरत नसलं पाहिजे. या दोन योजनांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, पण दोन्ही महिलांच्या, दोन्ही महिन्याला पैसे देणाऱ्या, आणि दोन्हीच्या बातम्या त्याच मोबाईलवर त्याच भाषेत येतात. मी पासबुक घेतलं, आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघितलं, तर आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं, जे कधीचं वापरात नव्हतं. बँकेत जाऊन एक फॉर्म भरायचं काम. एवढंच. तेवढ्यासाठी ती बाई महिनोन्‌महिने हक्काच्या पैशाविना बसली, एका खऱ्या बातमीमुळं.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. खोटी बातमी असती तर निदान कुणाला तरी बोल लावता आला असता.

याची दुसरी बाजू पण आहे बरं का, कारण मी असं म्हटलं की काही लोक लगेच म्हणतात, मग तिकडच्या बातम्या वाचायच्याच नाहीत. तसं नाही. शिनोळी आमच्यापासनं हाकेवर, चंदगड तालुक्यात आमच्या लेकी दिलेल्या आहेत, तिकडच्या मुली इकडं सुना म्हणून आलेल्या आहेत. मावशींची धाकटी लेक शिनोळीत दिलीय, तिला लाडकी बहीण लागू होते, आईला होत नाही. आणि काही वेळा महाराष्ट्राची बातमी थेट आमच्या गावाची असते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला, त्यावरनं बरंच वाजलं. ती बातमी आमच्या भागातल्या एका माणसानं "तिकडची असेल" म्हणून सोडून दिली होती, त्यांच्या घरात पेशंट असताना. म्हणजे नुसतं राज्याचं नाव बघून भागत नाही, आत शेवटपर्यंत वाचून कुणाला, कुठं, कुठल्या कागदावर, हे शोधावं लागतं. हे शोधायचा कंटाळा करू नये असं मला मनापासनं वाटतं, कारण बातमीतली सगळ्यात कामाची ओळ बऱ्याच वेळा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असते आणि तिथवर कोण जातच नाही.

बसचं उदाहरण घ्या. शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासनं कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधनं कर्नाटकातल्या महिलांना तिकीट नाही, पण राज्याच्या आतच. तिकडं एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ते मार्च २०२३ पासनं. आता बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या बाईनं या दोन्ही बातम्या वाचल्या आणि हद्दीचं वाचलं नाही, तर कंडक्टरबरोबर भांडण ठरलेलं. मी स्वतः असं भांडण बघितलंय, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

उसाच्या दराचं पण तसंच. चुलत्यांनी मला मथळा दाखवला, एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, ३५५ रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ३५५०, आणि म्हणाले, "मग आम्हाला कमी का देतात?" बातमी खरी होती, २०२५-२६ च्या हंगामाचा केंद्राचा दर तोच. पण तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, आणि कारखान्याच्या गेटवरचा, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते. हे मथळ्यात कधीच नसतं. मथळ्यातला आकडा शेतकऱ्याच्या हातात पडणारा आकडा नसतो हे चुलत्यांना चांगलं ठाऊक आहे, पन्नास वर्षं ऊस पिकवलाय त्यांनी, तरी छापलेला मोठा आकडा बघितला की माणूस क्षणभर हिशेब विसरतो. मी पण विसरते.

पावसाळ्यात तर विचारू नका. बेळगाव क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा, त्यामुळं "बेळगाव जिल्ह्याला पुराचा धोका" असं आलं की ते खरं असूनही त्यातनं काहीच कळत नाही. कोयनेतनं विसर्ग वाढवला तर ते पाणी कृष्णेला येतं, सांगली करून चिक्कोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतल्या नदीकाठाला त्याची काळजी. निपाणीकडं दूधगंगा, वेदगंगा बघायच्या. आमच्या उचगाव, कडोली, कंग्राळी भागाला मार्कंडेय, तिच्यावर राकसकोप धरण, आम्ही राकसकोपच्या पाण्याची बातमी शोधायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय, त्या भीतीनं लोक आजही पाण्याचा कुठलाही व्हिडिओ आला की पुढं ढकलतात, आणि त्याच २०१९ चे व्हिडिओ दरवर्षी नवीन होऊन परत येतात. व्हिडिओत नदी ओळखीची, पूल ओळखीचा, म्हणून विश्वास बसतो. जागा खरी असते, वर्ष खोटं असतं.

शाळेच्या सुट्टीचा कागद पण असाच. मागं एकदा रात्री दहाला ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा फोटो आला, उद्या शाळांना सुट्टी. शिक्का होता, सही होती, कानडी मजकूर. आमच्याकडं मोठ्या माणसांना कानडी वाचायला जड जातं, ते शिक्का बघतात आणि धरून चालतात. मी शाळेत कानडी शिकले म्हणून फोटो मोठा करून वाचला. वर तारीख होती मागच्या वर्षीची, आणि खाली तालुक्यांची नावं होती त्यात आमचा तालुकाच नव्हता, कारण इकडं सुट्टी बऱ्याच वेळा तालुक्यावार देतात, खानापूरला असते आणि बेळगावला नसते. कागद अस्सल होता, कुणी काही खाडाखोड केली नव्हती, फक्त वर्षभर जुना. ग्रुपवर लिहिलं तोवर अर्ध्या आयांनी पोरांना "उद्या सुट्टी" सांगून झोपवलं पण होतं.

आता माझ्या हातनं झालेलं सांगते, ते लपवलं तर बाकीचं लिहायला मला अधिकार नाही.

डिसेंबर २०२२. सीमाप्रश्न तापलेला, ६ तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, एसटी बंद झाल्या. हे सगळं खरं होतं, टीव्हीवर दिसत होतं. त्याच संध्याकाळी मला एक व्हिडिओ आला, जळणारी बस, मागनं लोकांचा आरडाओरडा, खाली लिहिलेलं "बेळगाव, आत्ता". वर ते दोन बाणांचं चिन्ह होतं, पुष्कळ वेळा पुढं पाठवलेल्या मेसेजवर येतं ते, मी बघून न बघितल्यासारखं केलं. घरच्या ग्रुपवर टाकला. काळजीनं टाकला हो, तिकडच्या माणसांनी इकडं येऊ नये म्हणून. माझी बहीण तिकडं चंदगड तालुक्यात असते, तिचा मुलगा तेव्हा बेळगावात आयटीआय करत होता, रोज येऊन-जाऊन. तिनं दोन दिवस त्याला घरातनं सोडलं नाही. त्याचं प्रॅक्टिकल गेलं. नंतर शांत बसून तो व्हिडिओ मी परत बघितला, नीट बघितला, तर बसचा रंग आमच्या बसचा नाही, मागच्या दुकानाची पाटी ना कानडी ना मराठी. एक फ्रेम थांबवून फोटोवरनं शोध घेतला, तर कितीतरी जुना, दुसऱ्याच राज्यातला. दोन मिनिटांचं काम, ते मी पोरानं प्रॅक्टिकल गमावल्यावर केलं. बहीण मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

नंतर १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून बैठक घेतली, आणि बाहेर येऊन जे सांगितलं त्यात एक गोष्ट ही होती, की मोठ्या नेत्यांच्या नावानं बनावट ट्विटर खाती काढून वातावरण बिघडवलं गेलं, त्यांच्यावर गुन्हे दाखल होतील. ते ऐकल्यावर मी फार वेळ विचार करत बसले. एक दगड खरा पडला होता, त्याच्या आडोशानं शंभर खोटे दगड आमच्या मोबाईलमधनं पडले, आणि त्यातला एक मी टाकला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी मारलं होतं, ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते आणि रस्ता विचारायला थांबले होते. हे आपल्या हद्दीला लागूनच. तसलेच ऑडिओ तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर पण फिरत होते, आणि एका ब्लँकेट विकणाऱ्याला पोरांनी अडवून धरलं होतं. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष वेळेवर आले म्हणून वाचला तो. असली बातमी हातात आली तर शेअर करायच्या आधी पोलीस स्टेशनला फोन करा, एवढं हात जोडून सांगते.

पण सगळ्यात अवघड बातमी कुठली सांगू? जी खरी व्हावी असं आपल्याला मनातनं वाटतं ती.

आमचे अप्पा १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात होते. लाठ्या खाल्लेल्या, आत पण गेलेले. आजही १ जूनला हिंडलगाच्या हुतात्मा स्मारकावर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, गुडघे दुखतात तरी जातात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं तेव्हा ते पाळण्यात होते, म्हणजे त्यांचं अख्खं आयुष्य बेळगाव महाराष्ट्रात जावं या एका निकालाची वाट बघण्यात गेलंय. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा घातला तेव्हा त्यांनी घरी पेढे आणले होते, ते मला आठवतं. त्यालाही आता वीस वर्षांच्या वर झाली.

तर एका रात्री शेजारचे काका धावत आले, मोबाईल उंच धरलेला, "अप्पा, झालं! निकाल लागला!" स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरांत, सीमाभागातील २६४ गावे महाराष्ट्रात. अप्पा उठून उभे राहिले. आई आतनं हात पुसत बाहेर आली. मी मोबाईल घेतला आणि खरं सांगते, माझे हात थरथरत होते, कारण मलाही ते खरंच असावं असं वाटत होतं, सगळी शहाणपणाची कामं मला माहीत असून त्या क्षणी एकही आठवलं नाही. वेबसाईटचं नाव बघितलं नाही, तारीख बघितली नाही, नुसतं परत परत तो मथळा वाचत होते.

मी मोठ्यानं वाचलं, "२६४ गावे." आणि अप्पा खाली बसले.

"तो आकडा महाजनचा हाय," म्हणाले.

मग मी खाली जाऊन पूर्ण वाचलं. ती बातमीच नव्हती, सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावरचा माहितीचा लेख होता, आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं म्हटलं होतं त्याचा. लेख ठीक होता. त्यातला एक तुकडा कुणीतरी कापून लाल अक्षरांचा फोटो केला आणि सोडून दिला. दुसऱ्या बाजूला मी दोन-तीन ठिकाणी शोधलं, कुठंच काही नाही, सुप्रीम कोर्टाच्या साईटवर दाव्याची स्थिती बघितली, प्रलंबित. एवढा मोठा निकाल लागला असता तर देशातल्या प्रत्येक पेपरात, इंग्रजीत, कानडीत, मराठीत, एका तासात आला असता, एकाच लाल फोटोत राहिला नसता.

मी एकदा वाचलं होतं, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ च्या सुमाराला एक अभ्यास झाला, ४५ जणांना वेबसाईट दाखवून खरंखोटं विचारलं, त्यात १० इतिहासाचे विद्वान, १० बातम्या तपासणारे व्यावसायिक आणि २५ विद्यार्थी. विद्वान आणि विद्यार्थी तेच पान वरनं खाली वाचत बसले, चकचकीत लोगोला फसले. तपासणाऱ्यांनी मात्र ते पान लगेच सोडलं आणि बाजूला नवीन टॅब उघडून बाकीचे लोक याबद्दल काय म्हणतात ते बघितलं. मी काउंटरवर आता तसंच करते, आलेला मोबाईल बाजूला ठेवते आणि माझ्या कॉम्प्युटरवर वेगळं शोधते. पण अप्पांना टॅब उघडावा लागला नाही. त्यांनी आयुष्यभर एकच विषय वाचलाय, आकडा ऐकल्याबरोबर त्यांना तो कुठला ते कळलं. गावात असा प्रत्येक विषयाचा एक माणूस असतो, नदीचा कुणी, उसाचा कुणी, रेशनचा कुणी, कोर्टाचा कुणी. मोबाईल हातात आल्यापासनं आपण त्यांना विचारायचं सोडून दिलंय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शेजारच्या काकांना अप्पा काही वाईट बोलले नाहीत, चहा घेऊन जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. आमच्याकडं तरुण भारत येतो, १९१९ पासनं बेळगावातनं निघणारा, अप्पांच्या वडलांपासनं येतो. अप्पांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, मग आतलं, मग शेवटचं, सगळं. त्यांना ठाऊक होतं की काही नाही. तरी बघितलं. मग घडी घालून पेपर उशाला ठेवला आणि आंघोळीला गेले.

मावशी परवा परत आल्या होत्या. बँकेचं काम झालंय, गृहलक्ष्मीचा हप्ता आला, ते सांगायला आणि सुनेच्या आधारची झेरॉक्स काढायला. झेरॉक्स निघेपर्यंत नातवाचा मोबाईल पुढं केला, महिलांच्या पैशाचीच कसली तरी बातमी होती, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "ही हितली का तिकडची गं?"

मी वाचलं, तारीख बघितली, खालपर्यंत गेले. "तिकडची आहे मावशी, तुमची नाही."

"मग माझ्या लेकीची असंल," म्हणाल्या, आणि तिथंच काउंटरला टेकून शिनोळीला फोन लावला, "अगं, त्या केवायसीचं काय केलीस? शेवटपत्तोर वाच म्हणूलाली ही, नुसतं वरचं बघू नको."